अर्धी मॅच

आमच्या घरात जेवताना दोन विषय काढायला आईची सक्त मनाई होती. एक गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण आणि दुसरा, साळगावकर फुटबॉल संघाचा सगळ्यांत मोठा खेळाडू कोण. पहिल्या विषयावर १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान होऊन गोव्याने आपला निकाल देऊन टाकला होता. दुसऱ्याचा निकाल लागायची चिन्हं नव्हती, कारण मतदार दोनच होते आणि दोघेही मत बदलणाऱ्यांतले नव्हते. एक माझे बाबा. दुसरा माझा मामा, म्हणजे बाबांचा मेव्हणा.

बाबा म्हणायचे, ब्रह्मानंद शंखवाळकर. मामा म्हणायचा, ब्रुनो कुतिन्हो. एक गोल अडवणारा, एक गोल मारणारा. भांडण अर्थात कोकणीत चालायचं आणि पुरावा म्हणून दाखवलं जायचं ते कात्रण मराठी पेपरातलं असायचं. म्हणजे आईने मनाई केलेला पहिला विषय दुसऱ्यातून हळूच डोकं वर काढायचाच.

आम्ही वास्कोचे. मुरगाव बंदर, आगगाडीचं शेवटचं स्टेशन, श्रावणातला दामोदर सप्ताह आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी लाल धूळ, ही आमच्या गावाची ओळख. ती धूळ खनिजाची. खाणीतून निघालेलं खनिज नदीतून बार्जने आणि जमिनीवरून वाघिणींनी बंदरात यायचं, बोटीत भरलं जायचं आणि जपानला जायचं. त्या धुळीचा आणि फुटबॉलचा संबंध काय, हे मला पहिल्यांदा आजोने सांगितलं.

आजो, म्हणजे बाबांचे वडील, तरुणपणी मुंबईत नोकरीला होते. रविवारी कूपरेजवर जाऊन मॅच बघणं हा त्यांचा एकमेव शौक. मुंबईच्या टाटा संघात तेव्हा नेव्हिल डिसोझा खेळायचा, गोव्याच्या मुळाचा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने यजमान ऑस्ट्रेलियाला तीन गोल घातले. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. आजो सांगायचे, "आमचा माणूस भारतासाठी खेळत होता आणि आमचा गाव भारतात नव्हता." तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते, १९५५ पासून भारताने नाकेबंदी केली होती आणि आजोंना घरी यायचं म्हणजे दिव्य होतं.

त्याच १९५६ साली इकडे वास्कोत वासुदेव साळगावकरांनी आपल्या कंपनीच्या नावावरून 'विमसन' नावाचा संघ काढला. पुढे त्याचाच साळगावकर झाला. खनिजाला परदेशात भाव आला होता, खाणवाल्यांकडे पैसा आला होता आणि फुटबॉल तर गोव्यात १८८३ पासूनच होता. शिवोलीला विल्यम लायन्स नावाच्या एका पाद्र्याने तो आणला, असं सगळेच सांगतात. पैसा आणि खेळ यांची अशी गाठ पडल्यावर साळगावकर, डेम्पो, सेझा गोवा हे सगळे कंपन्यांचे संघ उभे राहिले. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळायची. महिन्याचा पगार आणि संध्याकाळी सराव. आजो गोवा मुक्तीनंतर कायमचे परतले तेव्हा मैदानावर मेनिनो फिगेरेदोचं नाव गाजत होतं. मरेपर्यंत आजोंचं मत मेनिनोलाच होतं. पण ते एकटे पडायचे, कारण त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला कोणी उरलं नव्हतं. शेवटी शेवटी वाद रंगात आला की ते नुसतं "तुम्ही पाहिलं नाही" एवढंच म्हणायचे आणि कूस बदलायचे. त्या तीन शब्दांचं वजन कळायला मला चाळीस वर्षं लागली.

बाबा बंदरात टॅली क्लार्क होते. बोटीतून माल उतरताना किंवा चढताना पोती, ओंडके, पेट्या मोजायच्या, हे त्यांचं काम. चार उभ्या रेघा आणि त्यांच्यावरून पाचवी आडवी. असे गठ्ठेच्या गठ्ठे पाडत दिवसभर धक्क्यावर उभं राहायचं. घरीसुद्धा ते तसंच मोजायचे. आंब्याच्या पेटीतले आंबे, नारळ पाडणाऱ्याने पाडलेले नारळ, गणपतीच्या आरतीला आलेली माणसं. जे मोजता येत नाही त्याच्यावर आपला विश्वास नाही, असं ते म्हणायचे.

अशा माणसाचं दैवत गोलकीपर का असावं?

मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांनी मला पहिल्यांदा टिळक मैदानावर नेलं. तेव्हा आजच्यासारखं स्टेडियम नव्हतं. आम्ही आत शिरलो, सगळी माणसं उजवीकडे निघाली आणि बाबा माझं बोट धरून डावीकडे. सगळ्यांना जायचं होतं ते समोरच्या संघाच्या गोलमागे, कारण साळगावकर गोल मारणार तो तिथे. बाबा जाऊन उभे राहिले ते आपल्याच गोलमागे. हाफटाइमला बाजू बदलल्या तशी उकडलेले चणे विकणाऱ्याकडून दोन पुड्या घेऊन बाबांनी अख्ख्या मैदानाला वळसा घातला आणि परत आपल्याच कीपरच्या पाठीशी येऊन उभे राहिले. वाटेत मामा भेटला. तो उलट्या दिशेने, समोरच्या गोलमागे जायला निघाला होता. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. बोलले नाहीत. वर्षानुवर्षं दर हाफटाइमला मैदानाच्या मध्यरेषेवर ही भेट व्हायची.

त्यामुळे माझ्या लहानपणचा फुटबॉल मी जाळीच्या चौकोनांतून पाहिला. साळगावकरने मारलेले गोल मला नीट कधी दिसलेच नाहीत. लांबवर माणसांचा पुंजका व्हायचा, आरडाओरडा व्हायचा, हात वर जायचे, मग कळायचं की गोल झाला. पण कीपर मात्र हाताच्या अंतरावर असायचा. त्याचं बोलणं ऐकू यायचं. टीव्हीवर फुटबॉल बघणाऱ्यांना हे माहीतच नसतं की कीपर नव्वद मिनिटं सतत बोलत असतो. बॅकला हाक मारतो, "डावीकडे, डावीकडे," कॉर्नरच्या वेळी एकेकाला खांद्याला धरून जागेवर उभा करतो आणि बॉल पलीकडे गेला की आपल्याशीच पुटपुटतो. पावसात भिजलेला बॉल छातीवर घेतल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. ओल्या गोणपाटावर थाप मारल्यासारखा.

ब्रह्मानंद ताळगावचा. जन्म १९५४ चा. सत्तरीच्या मध्यावर साळगावकरमध्ये आला आणि दीड दशकाहून जास्त काळ त्याच गोलमध्ये उभा राहिला. बाबा म्हणायचे, "दुसरे कीपर बॉलकडे जातात. ह्याच्याकडे बॉल येतो." मला लहानपणी ती जादू वाटायची. पुढे कळलं की शॉट बसायच्या आधीच तो दोन पावलं सरकलेला असायचा. ती दोन पावलं गोलमागून बघणाऱ्यालाच दिसतात. समोरून बघणाऱ्याला वाटतं, फॉरवर्डने सरळ कीपरच्या अंगावर मारला, काय हा माणूस! म्हणजे कीपर जितका चांगला, तितका फॉरवर्ड वाईट दिसतो आणि कीपरच्या नावावर काहीच चढत नाही.

तो भारताचा कप्तान झाला. १९८२-८३ ची संतोष ट्रॉफी गोव्याने बंगालबरोबर वाटून घेतली, फायनलचा निकालच लागेना म्हणून. पुढच्या वर्षी, १९८४ मध्ये, मद्रासला पंजाबला १-० हरवून ती एकट्याने जिंकली. त्या स्पर्धेत ब्रह्मानंद कप्तान होता आणि अख्ख्या स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. एकही नाही! बाबांनी ते कात्रण काचेच्या फ्रेममध्ये घालून दिवाणखान्यात लावलं होतं, शांतादुर्गेच्या तसबिरीच्या शेजारी. देवीच्या बरोबरीने नको म्हणून आईने ते चार बोटं खाली घ्यायला लावलं.

शिवाय बाबांची एक ठेवणीतली गोष्ट होती, डावीकडच्या झेपेची. कोपऱ्यात वर जाणारा बॉल, पाऊस कोसळतोय, सगळं मैदान गोल म्हणून ओरडलेलं आणि ब्रह्मानंदाने हवेतच दिशा बदलून बोटाच्या टोकाने तो बारवर काढलेला. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. समोरचा संघ दर वेळी वेगळा असायचा. कधी डेम्पो, कधी सेझा, कधी वास्को. पाऊस कधी रिमझिम असायचा, कधी मुसळधार. मामा विचारायचा, "भावोजी, नक्की कुठली मॅच?" बाबा म्हणायचे, "तू त्या टोकाला होतास, तुला काय सांगू!"

मामाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, स्टेशनजवळ. हवा भरायचा पंप, पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं आणि भिंतीवर दर हंगामाला बदलणारा एक फोटो. ब्रुनो यायच्या आधी मामाकडे एक असं नाव नव्हतं. तो दर वर्षी नव्या फॉरवर्डच्या प्रेमात पडायचा आणि मार्चपर्यंत त्याला शिव्या घालायला लागायचा. १९८८ मध्ये साळगावकरने फेडरेशन कप जिंकला, गोव्यात तो पहिल्यांदा आणला आणि १९८९ मध्ये परत जिंकला. तेव्हाच्या संघात रॉय बार्रेटो, सावियो मेदेरा, डेरिक परेरा अशी माणसं होती. मामाला सगळीच आवडायची, पण पूजा करावी असा कोणी सापडत नव्हता.

मग ब्रुनो आला आणि मामाच्या भिंतीवरचा फोटो बदलायचा थांबला.

मामाला ब्रुनोचं काय आवडायचं? तो म्हणायचा, "बॉल ह्याच्या पायाशी आला की बॅकला आपण कुठे उभे आहोत ते आठवत नाही." मामा वाकून पंक्चर काढता काढता हे सांगायचा आणि सांगताना ट्यूब हातात तशीच धरून कमरेतून डावीकडे झुकायचा, उजवीकडून निघून जायचा. गिऱ्हाईक उभंच. १९९६ चा देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून महासंघाने ब्रुनोला निवडलं, तेव्हा मामाने दिवसभर फुकट हवा भरून दिली.

त्याच वर्षाच्या शेवटी राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. कंपनीतल्या नोकरीवर खेळणारी पिढी मागे पडत गेली आणि करारावर खेळणारी आली. परदेशी खेळाडू आले, मॅच टीव्हीवर आली. १९९७ च्या जुलैमधला फेडरेशन कप तर मामाच्या तोंडून ऐकावा. कलकत्त्याला सॉल्ट लेकवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांची सेमीफायनल झाली. सव्वा लाखाहून जास्त माणसं आली होती आणि भायचुंग भुतियाने तीन गोल मारले. भारतात कुठल्याही खेळाला एवढी गर्दी क्वचितच झाली असेल. आजही त्या मॅचबद्दल लोक लिहितात. "पण कप कोणी नेला, ते विचार," मामा म्हणायचा. कप नेला साळगावकरने. फायनलमध्ये ईस्ट बंगालला त्यांच्याच गावात २-१ हरवून. "जग सेमीफायनल लक्षात ठेवतं," मामा म्हणायचा, "आपण फायनल ठेवायची."

दोनच वर्षांनी, १९९८-९९ च्या हंगामात, शब्बीर अली प्रशिक्षक असताना साळगावकर राष्ट्रीय लीगचा विजेता झाला. गोव्यातला पहिला. मामाने दुकान बंद ठेवलं. बाबा ढसाढसा रडले आणि वर म्हणाले, "जुझे सिद्दीने किती काढले ते कोणी लिहिलं का?" जुझे सिद्दी तेव्हाचा कीपर. मामाने कपाळावर हात मारून घेतला.

खरं तर हिशेब मांडला तर दोघे बरोबरीतच असायचे. ब्रह्मानंद भारताचा कप्तान, ब्रुनोही भारताचा कप्तान. ब्रह्मानंदाला १९९७ चा अर्जुन पुरस्कार, तो मिळवणारा तो गोव्यातला पहिला फुटबॉलपटू. ब्रुनोला २००१ चा. मग मामा शेवटचं शस्त्र काढायचा. "भावोजी, गोल झाला नाही तर जिंकणार कसं? शून्य-शून्यला कप मिळतो का?" आणि बाबा शांतपणे म्हणायचे, "संतोष ट्रॉफी मिळाली होती. अर्धी."

पण मला आज त्या वादापेक्षा मैदानावरून घरी येतानाची वाट जास्त आठवते. मॅच संपली की गेटबाहेर दोघे भेटायचे. रस ऑम्लेटच्या गाड्यावर थांबायचे. पावाचा तुकडा रश्शात बुडवून मामा सुरू करायचा. बॉल कसा आला, कोणी टाकला, ब्रुनोने कसा आत घेतला, त्यांचा कीपर कुठल्या बाजूला पडला. बाबा लक्ष देऊन ऐकायचे, मध्ये मध्ये विचारायचे, "डाव्या पायाने की उजव्या?" मग बाबांची पाळी. ते इकडच्या टोकाचं सांगायचे. कुठला कॉर्नर कसा काढला, कुठला बॅक चुकला, कीपर त्याला काय म्हणाला. मामा ऐकायचा. तसं पाहिलं तर दोघांनीही अर्धीच मॅच पाहिलेली असायची. पूर्ण मॅच व्हायची ती गाड्यावर, दोन ऑम्लेटं संपेपर्यंत.

मी दोघांच्या मध्ये उभा राहून ती ऐकायचो. आजही लोकांना मी सांगतो की अमुक गोल मी डोळ्यांनी पाहिला. पाहिलेला नाही. मामाच्या हातात रश्शाने माखलेला पाव होता आणि त्याने तो पाव डावीकडून उजवीकडे नेला होता, तेवढंच मी पाहिलं आहे.

माझ्या मुलाच्या वेळेपर्यंत वाट बदलली होती. २०१०-११ च्या हंगामात साळगावकरने आय-लीग जिंकली तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा होता. मोरोक्कोचे करीम बेंचारिफा प्रशिक्षक होते, नायजेरियाचा चिडी एडे गोल मारत होता, गोलमध्ये पंजाबचा करणजीत सिंग होता आणि मधल्या फळीत रयुजी सुएओका नावाचा जपानी. बाबांना तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. सुएओकाचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते बराच वेळ हसत राहिले. म्हणाले, "साठ वर्षं आपण त्यांना दगडमाती पाठवली. त्यांनी एक माणूस पाठवला. व्यवहार फायद्याचा झाला."

मुलाचं मत सुएओकाला. तो आजोबांना मोबाइलवर गोल दाखवायचा, पुन्हा पुन्हा, हळू करून. बाबा चष्मा लावून बघायचे आणि विचारायचे, "कीपर कुठे उभा होता ते दिसतं का ह्यात?" नाही दिसायचं. कॅमेरा बॉलच्या मागे जातो. मग मुलगा विचारायचा, "आजोबा, तुमच्या ब्रह्मानंदाची ती झेप आहे कुठे? दाखवा की." बाबा डोक्याकडे बोट करायचे. मुलगा म्हणायचा, "ते पुराव्यात धरत नाहीत." आणि मामा, आयुष्यभराचा विरोधक, मध्येच म्हणायचा, "धरतात रे. मी धरतो."

हे मला तेव्हा विचित्र वाटलं होतं. नंतर लक्षात आलं. गोल मारणाऱ्याचं नाव पेपरात येतं, मिनिटासकट येतं, पुस्तकात जातं. अडवलेल्या गोलाचं कुठेच काही लिहिलेलं नसतं. पेपरात येतो तो नुसता एक भोपळा आणि त्या भोपळ्याच्या पोटात काय काय होतं ते ज्याने पाहिलं त्यालाच माहीत. म्हणून फॉरवर्ड कागदावर राहतो आणि कीपर तोंडातोंडी. बाबा गेले की ब्रह्मानंदाचा वास्कोतला एक साक्षीदार कमी होणार, हे मामाला आमच्या आधी कळलं होतं.

पुढे सगळं लवकर लवकर झालं. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. कपड्यांवरची लाल धूळ गेली आणि बार्ज नदीत नुसत्या उभ्या राहिल्या. २०१४ मध्ये नवी मोठी लीग आली, नवे संघ आले, नवे रंग आले. आपल्या जुन्या लीगचं स्थान खाली ढकललं जातंय हे दिसल्यावर २०१६ मध्ये साळगावकरने आय-लीगमधून अंग काढून घेतलं. गोव्याचाच स्पोर्टिंग संघही गेला, मागोमाग डेम्पोही. साळगावकर आता गोव्याच्या लीगपुरता उरला. बाबांनी पेपरातली ती बातमी वाचली, घडी घातली आणि ती फ्रेममध्ये मात्र लावली नाही. २०१९ मध्ये बाबा गेले.

२५ जानेवारी २०२२ च्या रात्री पद्म पुरस्कारांची यादी आली. त्यात ब्रह्मानंद शंखवाळकरांचं नाव होतं, पद्मश्री. दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रजासत्ताक दिनाचं झेंडावंदन आटोपायच्या आत, मामा दारात उभा. वय ऐंशीच्या घरात, हातात जिलबीचा पुडा. चपला काढल्या, सरळ बाबांच्या फोटोपुढे गेला, पुडा ठेवला आणि म्हणाला, "जिंकलात, भावोजी." मग बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. त्या दिवसांत आमच्या टिळक मैदानावर देशातली सगळ्यांत मोठी लीग चालू होती. करोनामुळे मैदान प्रेक्षकांना बंद. रात्री घराच्या गच्चीवरून प्रकाशझोत दिसायचे, आवाज नाही.

"भावोजींची वही कुठे आहे?" मामाने विचारलं.

"कसली वही?"

"मॅचची. ते लिहायचे."

मला माहीत नव्हतं. आईला होतं. तिने कपाटाच्या वरच्या खणातून, साड्यांच्या खालून, एक जाड रजिस्टर काढलं. बंदरातलं, टॅलीचं, लाल कापडी पाठीचं. पहिल्या पानापासून बाबांचं सुबक मराठी अक्षर. तारीख, समोरचा संघ, निकाल आणि शेवटच्या रकान्यावर मथळा, 'काढले'. त्याखाली चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. मॅचमागून मॅच, पानामागून पान. पेपरात येणाऱ्या त्या भोपळ्याच्या पोटात काय होतं ते एक माणूस धक्क्यावरची पोती मोजावीत तसं मोजत आला होता. कीपरचं नाव कुठेच नव्हतं. ब्रह्मानंद गेल्यावरही रकाना थांबला नव्हता. जुझे सिद्दीच्या वेळचा, करणजीतच्या वेळचा, सगळ्यांचा एकाच अक्षरात, एकाच रेघेत.

"आजोबा तर म्हणायचे ब्रह्मानंदच," मुलगा म्हणाला, "मग बाकीच्यांचे कशाला मोजले?"

मामाने उत्तर दिलं नाही. त्याने रजिस्टर हातात घेतलं आणि उलटं केलं. मागच्या बाजूने दुसरी यादी सुरू होत होती. ही गोलांची होती. तारीख, मिनिट, कोणी मारला. आणि ज्या गोलाबद्दल बाबांना स्वतःला खात्री नव्हती तिथे कंसात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मेव्हणा म्हणतो'. ब्रुनो, मेव्हणा म्हणतो. परत ब्रुनो, मेव्हणा म्हणतो. पानभर.

मामा ओळींवरून बोट फिरवत खाली आला. एके ठिकाणी थांबला. मग दुसऱ्या. मग त्याला हसू यायला लागलं, आधी खांदे हलले आणि मग डोळ्यांत पाणी आलं.

"हा ब्रुनोचा नव्हता," तो म्हणाला. "हा पण नाही."

"मग?"

"ते लांब असायचे. त्यांना दिसायचं नाही. विचारायचे कोणी मारला, मी सांगायचो ब्रुनो. मला काय माहीत, लिहून ठेवताहेत!"

मुलाने पेन्सिल उचलली होती. त्याला हिशेब चुकलेला खपत नाही, आजोबांवर गेला आहे. "कुठले कुठले ते सांगा, मामाआजोबा, मी खोडतो."

मामाने रजिस्टर छातीशी धरलं. "आणि पुढच्या बाजूच्या रेघा? त्या कोणी मोजून बघितल्यात? मी त्या टोकाला होतो." मग रजिस्टर आईच्या हातात दिलं आणि जिलबीचा एक तुकडा तोंडात टाकला. "राहू दे तसंच."

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर, लोकांना मैदानात सोडायला लागले तेव्हा, मी मामाला मॅचला घेऊन गेलो. साळगावकरची मॅच होती, एका गावच्या मैदानावर. शंभर-दीडशे माणसं असतील. मी सवयीने डावीकडे वळलो, आपल्या गोलकडे, तर मामाने माझा हात सोडवून घेतला. "तू तिकडे जा," म्हणाला. "आज इथे मी बसतो." मैदानाच्या कडेला एक प्लास्टिकची खुर्ची मिळाली, ती कीपरच्या मागे नेऊन त्याला बसवला. कीपर विशीतला पोरगा, डोक्याला पट्टी बांधलेला. मामाने त्याला काहीतरी सांगितलं. त्याने वळून बघितलं आणि मान हलवली.

मी पलीकडे गेलो. जन्मात पहिल्यांदा त्या टोकाला उभा राहिलो. हाफटाइमला वळसा घालताना मध्यरेषेपाशी थांबलो, सवयीने. अर्थात कोणी आलं नाही. मामाची खुर्ची एका मुलाने उचलून परस्पर दुसऱ्या गोलमागे नेली होती.

शेवटच्या दहा मिनिटांत गोल झाला, अगदी माझ्यासमोर. उजवीकडून बॉल आला, गर्दीतून एक पाय पुढे आला आणि जाळी हलली. अंगावर हिरवा शर्ट होता एवढंच दिसलं. पोरं एकमेकांवर पडली आणि त्या ढिगात नक्की कोण ते मला कळेना. आता एकाचंही नाव मला ठाऊक नाही.

परत येताना गाडीत मामा गप्प होता. चिखलीचा चढ चढताना एकदम म्हणाला, "पोराने तीन काढले. एक डावीकडे, अगदी कोपऱ्यातला. दोन पावलं आधीच सरकला होता." मग थोड्या वेळाने, "आणि गोल कोणी मारला रे? मला दिसलं नाही."

मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली.

"ब्रुनोने," मी म्हटलं.